मारलं... नाही

"मी तुझ्या भावाला मारलं" हे वाक्य पडद्यावर चांगलं दीड सेकंद राहिलं. मग ते गेलं आणि त्याच्या जागी "नाही." एवढा एकच शब्द उगवला.

नवऱ्याचा चहाचा कप तोंडाशी जाता जाता थांबला. "अगं, कबूल केलं की त्याने! मग पुढचे तीन भाग कशाला?" आणि लगेच, "अच्छा. नाही."

मालिका इंग्रजी, सबटायटल्स मराठी, आणि ती मराठी मी केलेली. निदान माझी तशी समजूत होती. मूळ प्रसंगात तो माणूस अर्धं वाक्य बोलतो, स्वतःच्या हातांकडे बघतो, आवंढा गिळतो आणि मग उरलेले दोन शब्द बोलतो. "आय डिडन्ट किल..." आणि "युवर ब्रदर." म्हणून माझ्या फाईलमध्ये पहिलं कॅप्शन होतं "मी नाही मारलं..." आणि दुसरं "तुझ्या भावाला." नट थांबतो तिथे मराठीही थांबते. पाऊण तास घालवला होता त्या दोन ओळींवर. या धंद्यात पैसे मिनिटांवर मिळतात, आणि ती मिनिटं व्हिडिओची, माझी नाहीत. तेव्हा पाऊण तास म्हणजे निव्वळ हौस.

क्यूसी करणाऱ्यांनी, म्हणजे आमचं काम तपासणाऱ्यांनी, लाल शेरा मारला होता: "वाक्यरचना अशुद्ध. कर्ता-कर्म-क्रियापद हा क्रम पाळावा." आणि स्वतःच दुरुस्त करून टाकलं. टाइमकोड, म्हणजे कोणतं कॅप्शन कधी आणि किती वेळ दिसायचं ते, मात्र जुनेच ठेवले. त्यामुळे शुद्ध मराठीत त्या बिचाऱ्याने खुनाची कबुली दिली आणि दीड सेकंदाने मागे घेतली.

"अशुद्ध" या शब्दाशी माझी जुनी ओळख आहे. मी मिरजेची. पुण्यात हॉस्टेलवर पहिल्याच आठवड्यात "मी जेवून आलो" म्हणाले तर खोलीतल्या दोघी गादीवर लोळून हसल्या होत्या. सांगली-कोल्हापूरकडे बायकाही "मी आलो, मी जातो" म्हणतात हे त्यांच्या गावीही नव्हतं. महिनाभरात मी "आले" म्हणायला शिकले. मान खाली घालून शिकले, हे आता कबूल करते.

या वेळी मात्र मान खाली घालवेना. उत्तर लिहायला बसले आणि लक्षात आलं की माझ्याकडे मुद्दा असा नाहीच. "कानाला बरं वाटतं" हा काही मुद्दा नव्हे. म्हणून वाचायला लागले. दोन ओळींच्या भांडणापायी चार महिने गेले.

आम्हाला इंग्रजी पाचवीपासून. सरांनी भाषांतराची एक युक्ती शिकवली होती: कर्ता उचला, मग एकदम वाक्याच्या शेपटीला जा आणि तिथून मागे मागे या. "द बॉय ईट्स अ मँगो इन द गार्डन." मुलगा उचलला. शेपटीला गार्डन, बाग. त्याच्या अलीकडे इन, म्हणजे -त. बागेत. मग आंबा. मग खातो. मुलगा बागेत आंबा खातो. जादूच वाटायची. "मराठी ही इंग्रजीच्या बरोबर उलटी," असं सर म्हणाले की मागच्या बाकावरून ओकारीचे आवाज यायचे आणि कोणीतरी छडी खायचं.

सरांची युक्ती इतकी बिनचूक का चालायची हे मला पस्तीस वर्षांनी कळलं. 1961 साली न्यूयॉर्कजवळच्या डॉब्स फेरी गावात भाषाशास्त्रज्ञांची एक परिषद झाली. तिथे जोसेफ ग्रीनबर्ग यांनी 30 भाषा शेजारी शेजारी मांडून 45 नियम काढले. 1963 साली ते छापून आले. नियम म्हणजे "अमुक असेल तर तमुकही असतं" अशा धर्तीचे. त्यातला चौथा आमच्या सरांचा: क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या भाषांत "आत, वर, खाली" सांगणारे शब्द जवळजवळ नेहमी नामाच्या मागून येतात. आपण व्याकरणात ज्यांना शब्दयोगी अव्ययं म्हणून पाठ केलं, ते. टेबलावर, झाडाखाली, बागेमध्ये. जपानी तशीच, तुर्की तशीच, कन्नडही. एक वस्तू मागे सरकवली की बाकीचं घरही त्याच बाजूला लावून घ्यायचं, असा काहीसा हिशोब. त्या 30 भाषांत हिंदी आहे, कन्नड आहे, गिलगिट-हुंझाकडची बुरुशास्कीसुद्धा आहे. मराठी नाही. थोडं लागलं मनाला.

आता यातलं सगळंच जसंच्या तसं टिकलेलं नाही. मॅथ्यू ड्रायर यांनी 1992 साली 625 भाषा तपासून दाखवलं की विशेषण नामाच्या आधी की नंतर, याचा क्रियापदाच्या जागेशी काही संबंध नाही. 2011 साली मायकेल डन आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये मांडलं की असे नियम जगभर सारखे चालत नाहीत, प्रत्येक भाषाकुळाची आपली वेगळी चाल असते. त्यावर भांडणं चालू आहेत आणि ती माझ्या डोक्यावरून जातात.

पण "उलटी" या शब्दाचा निकाल मात्र लावून टाकते. ड्रायर यांनीच जगातल्या भाषांच्या रचनांच्या ॲटलससाठी 1376 भाषांची मोजदाद केली आहे. आपल्यासारख्या कर्ता-कर्म-क्रियापदवाल्या 564. इंग्रजीसारख्या, क्रियापद मध्ये घालणाऱ्या 488. क्रियापद सगळ्यात आधी, मग कर्ता, मग कर्म अशा 95, वेल्श त्यातली. कोणताच एक क्रम ठळक नाही अशा 189, आणि त्यात चक्क जर्मन आहे, कारण तिचं क्रियापद मुख्य वाक्यात एका जागी आणि पोटवाक्यात भलत्याच जागी. उलटं कोण ते बघा.

इंग्रजीच्या खरोखर उलट्या म्हणाव्यात अशा भाषा आहेत, पण हाताच्या बोटांवर. कर्म-क्रियापद-कर्ता हा क्रम फक्त 11 भाषांत. त्यात ब्राझीलमधली, ॲमेझॉनच्या खोऱ्यातली हिश्कार्याना. डेस्मंड डर्बीशायर यांनी 1977 साली लेख लिहून अशी भाषा असते हे दाखवून दिलं, तोवर बऱ्याच जणांची समजूत होती की असं असूच शकत नाही. तिथलं एक वाक्य आहे: "तोतो याहोसिये कामारा." तोतो म्हणजे माणूस, कामारा म्हणजे जॅग्वार, मधला शब्द "पकडलं". आपण वाचतो तर वाटतं माणसाने जॅग्वारला धरलं. नाही हो. जॅग्वारने माणसाला धरलं. हे वाक्य मी फ्रिजवर चिकटवून ठेवलंय.

क्यूसीवाल्यांना द्यायचं उत्तर मला सापडलं ते मात्र ग्रीनबर्ग यांच्या एकेचाळिसाव्या नियमात. कर्ता आणि कर्म दोन्ही आधी आणि क्रियापद शेवटी, असा क्रम असेल तर त्या भाषेत जवळजवळ नेहमी विभक्ती असते. आपल्या -ने आणि -ला. म्हणजे बघा, "मुलाने मुलीला ढकललं." हे वाक्य हवं तसं फिरवा. मुलीला मुलाने ढकललं. ढकललं मुलाने मुलीला. मुलीला ढकललं मुलाने. ढकलणारा बदलत नाही, कारण तो जागेवरून कळत नाही, त्याच्या शेपटीवरून कळतो. इंग्रजीत नावांची अदलाबदल केली की गुन्हेगार बदलतो.

मग विभक्ती नसेल तिथे मराठीचं काय होतं, हे बघायचा मला नाद लागला. "दगड काच फोडतो." इथे -ने नाही, -ला नाही. "काच दगड फोडतो" असं फिरवलं तरी फोडणारा दगडच, कारण "फोडतो" पुल्लिंगी. काच फोडत असती तर "फोडते" झालं असतं. विभक्ती गेली तर लिंग धावून आलं. आता दोन्ही पुल्लिंगी घ्या. "दगड नारळ फोडतो." ठीक. "नारळ दगड फोडतो." आता? इथे मराठी माणूस क्षणभर अडखळतो. मी नऊ जणांना विचारलं. पाच जण म्हणाले नारळाने दगड फोडला, तिघे म्हणाले "असं कसं होईल, दगडच फोडणार", आणि सासूबाई म्हणाल्या, "नारळ दगडावर फोडतात, एवढं शिकवायला हवं का तुला?" सगळे आधार काढून घेतले की मगच मराठीत क्रमावर भार पडतो, आणि तेव्हाही अर्धी माणसं अक्कल वापरून सुटतात.

मग इतर वेळी क्रम कशासाठी? उगाच नाही फिरत शब्द. "काय घेतलंस?" असं विचारलं तर आपण "मी साडी घेतली" म्हणतो. "मी घेतली साडी" असं उत्तर दिलं तर वाटतं, हिला कोणीतरी बळेच घ्यायला लावली. नवी बातमी मराठीत क्रियापदाच्या लगेच आधी बसते. प्रश्नही तिथेच बसतो: "काच कोणी फोडली?" आणि जे दोघांनाही ठाऊक आहे, ते क्रियापदामागे सोडून द्यायला काही हरकत नसते. "आला एकदाचा तुझा भाऊ." "खाल्लंस का काही?" "दे गं जरा ती पिशवी." दिवसभर आपण असंच बोलतो, आणि लिहायला बसलो की शाळेतल्या बाकावर बसल्यासारखे ताठ होतो.

त्या मालिकेत सात भाग सगळे त्या भावाबद्दलच बोलत होते. भाऊ ही बातमी नव्हती. बातमी होती "नाही". म्हणून "मी नाही मारलं... तुझ्या भावाला." हे मराठीचा क्रम मोडून केलेलं नव्हतं, मराठीच्या क्रमानेच केलेलं होतं. एवढंच त्यांना लिहून पाठवलं, साडीच्या उदाहरणासकट. नारळ वगळला.

दरम्यान मे महिन्यात भाचा आला. नऊ वर्षांचा, न्यू जर्सीत जन्मलेला. मराठी समजते, बोलतो इंग्रजी. सुझन गोल्डिन-मेडो यांचा 2008 सालचा एक प्रयोग नुकताच वाचला होता. इंग्रजी, तुर्की, स्पॅनिश आणि चिनी बोलणाऱ्या 40 जणांना छोट्या चित्रफिती दाखवल्या आणि तोंड बंद ठेवून नुसत्या हातवाऱ्यांनी सांगायला लावलं. ज्यांच्या भाषेत क्रियापद मध्ये येतं तेसुद्धा हातांनी सांगताना बहुतेक आधी करणारा, मग वस्तू, मग कृती असेच गेले. म्हणजे हात सगळ्यांचे मराठी.

म्हटलं करून बघू. भाच्याला म्हटलं, "मावशी कपाट उघडते" हे मुक्याने करून दाखव. कपाळाला बोट लावून त्याने टिकली केली, ती मी. मग हवेत मोठा चौकोन काढला. मग चौकोनाचं दार ओढलं. मावशी, कपाट, उघडते. मी टाळ्या वाजवल्या. मग म्हटलं, "मावशी आजीला ढकलते" करून दाखव. टिकली केली. पाठीत वाकला, आजी झाली. मग ढकलायला हात पुढे केले आणि थांबला. वाकलेल्या अवस्थेत आता तोच आजी होता. "वेट," म्हणाला, "हू इज पुशिंग?" पुन्हा सुरुवात केली: टिकली, ढकलणं, मग वाकणं. क्रियापद मध्ये!

एका पोराचा खेळ म्हणजे संशोधन नव्हे, पण एडवर्ड गिब्सन आणि सहकाऱ्यांनी 2013 साली नेमकं हेच मांडलंय. दोघांपैकी कोणीही कोणालाही ढकलू शकतं अशी कृती असली की इंग्रजी बोलणाऱ्यांचे हातवारे आपसूक कर्ता-क्रियापद-कर्माकडे वळतात. दोन माणसं एका बाजूला गर्दी करून उभी राहिली की घोटाळा होतो, मध्ये क्रियापद घातलं की कोण कुठल्या बाजूचा ते कळतं. ज्या भाषांनी माणसांच्या पाठीवर -ला चिकटवलाय, त्यांना ही चिंता कमी. आपणही बघा, "भाकरी खाल्ली" म्हणतो, "भाकरीला खाल्लं" म्हणत नाही. भाकरी उलटून आपल्याला खात नाही. -ला लावतो तो बहुतेक माणसा-जनावरालाच.

आता कुपवाड. हे मुद्दाम शेवटी ठेवलंय, कारण याने मला खरा धक्का दिला. बाबा सव्वीस वर्षं मिरजेहून सायकलने कुपवाडला एमआयडीसीत कामाला जायचे. माझ्या लेखी कुपवाड म्हणजे शेड, भोंगे आणि बाबांच्या शर्टाला येणारा ऑइलचा वास. आणि इकडे वाचता वाचता कळलं की भाषांच्या सरमिसळीचा अभ्यास करणाऱ्यांच्या जगात कुपवाडचं नाव सगळ्यांना माहीत असतं! जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांचा 1971 सालचा लेख. तेव्हाचं सुमारे तीन हजार वस्तीचं गाव. जैन आणि लिंगायत घरांत कन्नड, मुसलमानांच्या घरी उर्दू, दलितांच्या घरी मराठी, थोडी तेलुगूही. माणसं पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या भाषा बोलत आलेली. या दोघांनी गावातली वाक्यं एकाखाली एक लिहिली:

उर्दू: पाला जरा काटके लेके आया.
मराठी: पाला जरा कापून घेऊन आलो.
कन्नड: तपला जरा खोडी तगोंडी बयन.

बोट ठेवून वाचत गेलं तर तुकड्याखाली तुकडा बसतो. शब्द प्रत्येक घराने आपापले राखले, पण वाक्याचा साचा तिघांचा एकच. क्रियापद शेवटी हे तर तिन्ही भाषांत आधीपासूनच होतं; गंमत त्याच्या पुढची. एरवी कन्नडात "हे घर तुमचं" एवढ्यावर वाक्य पुरं होतं, कुपवाडच्या कन्नडाला मात्र शेवटी "आहे" लागायला लागलं. डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी चाळीस वर्षांनंतरच्या कुपवाडची पाहणी करून हा एकसाचीपणा मुळात कितपत खरा, हे पुन्हा तपासलं आहे. त्यांचा लेख 2016 सालचा. ज्यांना रस आहे त्यांनी दोन्ही वाचावेत. मला आधी बाबांना फोन करायचा होता.

(क्यूसीकडून उत्तर आलं होतं, ते राहिलं. "नोंद घेतली. पुढील भागांसाठी टाइमकोड तपासावेत." सातव्या भागात तो अजूनही दीड सेकंद खुनी आहे.)

बाबांना मराठी वाक्य वाचून दाखवलं. "पाला जरा कापून घेऊन आलो."

"शेळीला?"

"ते नाही लिहिलेलं."

"आणि हे लिहायला ते अमेरिकेतनं कुपवाडला आलते?"

मी समजावायला लागले. म्हटलं, बाबा, गंमत बघा, कर्ता-कर्म-क्रियापद म्हणतात, पण इथे कर्ताच नाही. तो शेवटच्या "आलो"च्या आत बसलाय. उर्दूतल्या "आया"वरून "मी" की "तो" काहीच कळत नाही. कन्नड "बयन"वरून "मी" कळतं, पण बाई की बाप्या ते नाही, कारण कन्नडात "मी" म्हटल्यावर क्रियापद तो भेद करत नाही. आणि मराठीत दोन्ही कळतं. "आलो" म्हणजे मी, आणि शिवाय पुरुष.

पलीकडे जरा शांतता.

"पुरुष कशावरनं?" बाबा म्हणाले. "तुझी आजी मंडईतनं आल्यावर दारातनं काय म्हणायची?"

आजी दारातून म्हणायची, "आलो गं." पिशवी टेकवायची, पदराने मान पुसायची आणि म्हणायची, "पाणी दे, थकलो."

मी काहीच बोलले नाही. बाबांनी विषय बदलला. दिवाळीला येणार आहेस का, तिकिटं काढलीस का, गर्दी असते.

"येतो की," मी म्हणाले.